झाँ-लुई बारो की झाँ-लुई त्रँतिन्याँ? न बोलणारा नेमका कोणता?

परवा एका मित्राने विचारलं, "अरे तो फ्रेंच अ‍ॅक्टर, झाँ-लुई कायतरी, तो न बोलणारा, तो कोण रे?" मी लगेच बारो म्हटलं आणि पांढऱ्या चेहऱ्याच्या विदूषकाबद्दल सांगायला लागलो, तर तो म्हणे नाही नाही, बर्फ आहे, घोडे आहेत, हातात पिस्तूल आहे. म्हणजे त्याला त्रँतिन्याँ पाहिजे होता. आणि हा घोळ एकट्या त्याचा नाही, बऱ्याच जणांचा होतो, कारण दोघं झाँ-लुई, दोघं फ्रेंच, दोघं नाटकात पण आणि सिनेमात पण, आणि दोघांचा एकेक गाजलेला रोल मुका! म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तो मुका रोल. बारोचा म्हणजे मार्सेल कार्नेच्या 1945 च्या 'लेझाँफाँ द्यु पारादी' या सिनेमातला बातिस्त. यातला 'पारादी' म्हणजे थिएटरची सगळ्यात वरची स्वस्तातली गॅलरी, आपण पिटातलं पब्लिक म्हणतो ना, तेच पब्लिक, फक्त तिकडे ते खाली नाही तर वर बसायचं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये दब्युरो नावाचा खराखुरा मूकनट होता, त्याच्यावर बेतलेलं हे पात्र आणि ही कल्पना कार्नेच्या आणि लेखक झाक प्रेव्हेरच्या डोक्यात घातली ती बारोनेच. बातिस्त जन्माने मुका नाहीये, स्टेजवर तो बोलत नाही एवढंच, बाहेर चांगला बोलतो, प्रेमाबद्दल तर फारच. सुरुवातीलाच एक सीन आहे, गारांस नावाच्या बाईवर घड्याळ चोरल्याचा आळ येतो आणि थिएटरच्या बाहेर बसलेला बातिस्त काय घडलं ते सगळं नुसत्या हातवाऱ्यांनी करून दाखवतो, तो जाडा माणूस, ती बाई, तो चोर, सगळे एकटाच, आणि ती सुटते. साक्ष दिली पण शब्द एक नाही! मूकाभिनय म्हणजे काय हे कुणाला समजवायचं असेल तर मी हा सीन दाखवतो.

त्रँतिन्याँचा मुका रोल वेगळाच, 1968 चा इटालियन वेस्टर्न, डायरेक्टर सेर्जिओ कोर्बुची. त्यात लहानपणीच गळा चिरून आवाज घालवलेला बंदूकवाला आहे, त्याचं नावच सायलेन्स. तो हात हलवत नाही, चेहरा हलवत नाही, नुसता बघतो. एकाचं सगळं अंग बोलतं आणि दुसऱ्याचं काहीच हलत नाही तरी कळतं, फरक इथूनच सुरू होतो.

गंमत म्हणजे दोघांच्या मुळाशी माणूस एकच आहे, नट आणि दिग्दर्शक शार्ल द्युलँ. पॅरिसमध्ये मोंमार्त्रला त्याचं आतेलिए थिएटर होतं. बारो जन्मला 8 सप्टेंबर 1910 ला आणि स्टेजवर पहिल्यांदा उभा राहिला तो बरोबर एकविसाव्या वाढदिवशी, 1931 मध्ये, याच थिएटरात, नोकराच्या छोट्याशा रोलमध्ये. त्या रात्री तो घरी गेलाच नाही, नाटकातल्या वोल्पोनेच्या पलंगावर स्टेजवरच झोपला, ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितलीये. तिथेच त्याला एतिएन देक्रू भेटला, ज्याने मूकाभिनयाचं व्याकरण बसवलं, दोघांनी मिळून शरीरावर तासन्‌तास मेहनत घेतली. (हाच देक्रू वरच्या सिनेमात बातिस्तचा बाप झालाय, आणि मूकनट मार्सेल मार्सो त्याचाच शिष्य, त्यामुळे बारो आणि मार्सो यांचीही गल्लत होते पण तो विषय वेगळा.) त्रँतिन्याँ बारोपेक्षा 20 वर्षांनी लहान, 11 डिसेंबर 1930 चा, दक्षिण फ्रान्समधल्या पिओलँक गावचा. लॉ शिकत होता, एक्स-आँ-प्रोव्हाँसला म्हाताऱ्या द्युलँला मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्याच्या रोलमध्ये पाहिलं आणि कायद्याची पुस्तकं मिटली, सरळ पॅरिस. मुळात मुलगा इतका लाजरा की घरच्यांना वाटलं नसेल हा कधी चार लोकांसमोर उभा राहील.

आता बारोबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण सिनेमा बघणारी मंडळी त्याला 'तो बातिस्तवाला' म्हणून सोडून देतात आणि ते मला खरंच लागतं. हा माणूस मुळात नाटकवाला होता, सिनेमा अधूनमधून. 1940 ला तो कोमेदी-फ्राँसेझ या फ्रान्सच्या सरकारी नाट्यसंस्थेत गेला, त्याच वर्षी तिथलीच मोठी नटी मादलेन रेनो, त्याच्यापेक्षा 10 वर्षांनी मोठी, तिच्याशी लग्न केलं. 1943 मध्ये पॅरिसवर जर्मनांचा ताबा असताना लेखक पॉल क्लोदेलचं अवाढव्य नाटक, जे स्टेजवर होऊच शकत नाही असं म्हणायचे, ते त्याने उभं केलं, पाचेक तासांचा प्रयोग. 1946 ला नवराबायकोने स्वतःची कंपनी काढली. 1959 ला सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरोने ओदेओं थिएटर त्याच्या हातात दिलं आणि तिथे इओनेस्को, बेकेट, जेने असे लेखक सरकारी थिएटरात खेळले गेले, जेनेच्या अल्जीरियावरच्या नाटकाला तर 1966 मध्ये हॉलमध्येच राडा झाला, तरी प्रयोग थांबवले नाहीत.

आणि मग मे 1968. विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि 15 मेच्या रात्री त्यांनी ओदेओंच ताब्यात घेतलं. सरकारची अपेक्षा होती की डायरेक्टरने विरोध करावा. बारो त्या गर्दीपुढे उभा राहिला आणि म्हणाला की बारो आता इथला डायरेक्टर नाही, इतरांसारखा एक नट आहे, बारो मेला. महिनाभर पोरं तिथे राहिली, कंपनीच्या कॉस्च्युमची पार वाट लागली, पोरं त्याला सरकारचा माणूस म्हणत होती आणि सरकार त्याला पोरांचा. शेवटी मालरोने त्याला काढून टाकलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी घर गेल्यासारखंच ते. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने मोंमार्त्रमध्ये जिथे कुस्त्या व्हायच्या तो हॉल घेतला आणि राब्ले या जुन्या फ्रेंच लेखकावर नवीन नाटक लावलं, लोक लोटले. पुढे ओर्से रेल्वे स्टेशन बंद पडलेलं होतं (आज जिथे म्युझियम आहे तेच) त्यात लाकडी थिएटर उभं केलं, तिथूनही उठावं लागलं तेव्हा 1981 मध्ये शाँझेलिझेजवळच्या जुन्या आइस स्केटिंगच्या हॉलमध्ये बिऱ्हाड नेलं. यातलं आपल्याला काय बघायला मिळतं, जवळजवळ काहीच नाही, नाटक त्या रात्रीपुरतं असतं, म्हणूनच त्याचं माप थोड्याशा सिनेमांवरून काढू नये असं मला वाटतं. 22 जानेवारी 1994 ला तो गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मादलेन पण गेली.

त्रँतिन्याँचं उलटं, त्याचं जे उत्तम आहे ते बरंचसं फिल्मवर शिल्लक आहे, शंभरावर सिनेमे. 1956 ला ब्रिजित बार्दोबरोबरच्या सिनेमाने नाव झालं, मग क्लोद लेलूशच्या 1966 च्या 'एक पुरुष एक स्त्री'मध्ये रेसिंग ड्रायव्हर, आणि ते उगाच नाही, त्याचा काका मोरिस त्रँतिन्याँ खरा फॉर्म्युला वन ड्रायव्हर, मोनॅको ग्राँप्री दोनदा जिंकलेला. 'झी' सिनेमातल्या काळा चष्मावाल्या तपासी न्यायाधीशासाठी 1969 ला कान फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अ‍ॅक्टर, पुढच्या वर्षी बेर्तोलुचीचा 'कन्फॉर्मिस्ट'. 1994 ला किस्लोव्स्कीच्या 'लाल'मध्ये शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा रिटायर्ड न्यायाधीश. या सगळ्यात डोळे मिटून नुसता आवाज ऐका, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, कुठेही दाखवेगिरी नाही. म्हणून तो मुका वेस्टर्न मला जास्तच ग्रेट वाटतो, जी सगळ्यात मोठी ताकद तीच काढून घेतली तरी माणूस उरतो.

त्यालाही फक्त सिनेमावाला समजू नका हं, स्टेजवर त्याने हॅम्लेट केलाय, बारोनेही केलाय. मुलगी मारी, स्वतः चांगली नटी, तिच्याबरोबर तो स्टेजवर अपोलिनेरच्या कविता वाचायचा. 2003 मध्ये लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये जोडीदाराने तिला मारहाण केली आणि त्यातच ती पुढे फ्रान्समध्ये गेली. त्यानंतर सिनेमा जवळपास सुटलाच होता, टिकली ती कविता, प्रेव्हेर, व्हियाँ, देस्नोस, बरोबर एखाददोन वाद्यं आणि हा म्हातारा स्टेजवर. म्हणजे ज्या प्रेव्हेरने बारोसाठी बातिस्त लिहिला त्याच्याच ओळी हा म्हणत होता. 2012 ला डायरेक्टर हानेकेने त्याच्यासाठीच लिहिलेला 'आमूर' आला, आजारी बायकोची सेवा करणारा ऐंशीतला नवरा, त्यासाठी सेझार हे फ्रेंच सिनेमाचं बक्षीस मिळालं. 17 जून 2022 ला गेला. शेवटची वर्षं युझेसच्या बाजूला राहायचा, तिथल्या एका द्राक्षमळ्यात त्याची भागीदारी होती आणि वाइनचं नाव होतं रूज गारांस, म्हणजे मंजिष्ठेचा लाल. आणि गारांस हेच बातिस्तच्या प्रेमातल्या बाईचं नाव!

अजून एक गाठ, जिथे सर्च करताना हमखास गोंधळ होतो. एरिक रोमेरच्या 1969 च्या 'मॉदच्या घरी एक रात्र'मध्ये हीरोचं नाव झाँ-लुई आहे आणि नटीच्या नावात बारो दिसतं. तो झाँ-लुई म्हणजे त्रँतिन्याँ, आणि ती मारी-क्रिस्तिन बारो, आपल्या बारोची पुतणी. काका त्या सिनेमात नाहीयेत.

पण दोघं एका सिनेमात आहेत बरं का, एत्तोरे स्कोलाचा 1982 चा 'व्हारेनची रात्र'. 1791 मध्ये सोळावा लुई पॅरिसमधून पळतो आणि व्हारेन गावात पकडला जातो त्याची गोष्ट. त्रँतिन्याँ छोट्या रोलमध्ये आहे, सोस नावाचा गावचा वाणी, ज्याच्या घरात राजाला रात्रभर ठेवतात. आणि बारो आहे लेखक रेतिफ, घोडागाडी चुकलेला आणि तिच्यामागे धावणारा सत्तरीचा माणूस. शेवटी हा रेतिफ सीन नदीच्या काठावरच्या पायऱ्या चढून वर येतो आणि वर आजच्या पॅरिसचं ट्रॅफिक असतं, तिथे फक्त त्याचं चालणं बघा.