लॅपटॉप घेताय? ग्राफिक कार्डाचं आधी समजून घ्या

ॲडमिशन झाल्या की पुण्यात टिळक रोडवर आमच्या दुकानात पालक येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "यात ग्राफिक कार्ड आहे ना?" ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतंच हो, फक्त ते प्रोसेसरमधलं आहे का वेगळं, हे विचारा. प्रोसेसरमधलं म्हणजे इंटिग्रेटेड, त्याला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून घेतं. टॅली, एक्सेल, कोडिंग, ऑनलाइन लेक्चर एवढंच काम असेल तर ते भरपूर झालं, उरलेले पैसे रॅम आणि एसएसडीत (फाइल साठवायची फास्ट डिस्क) घाला. आणि रॅम शक्यतो दोन पट्ट्यांत घ्या, कारण इंटेलच्या आयरिस एक्सई (हे त्यांचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स) वाल्या मशीनमध्ये एकच पट्टी असली तर विंडोज नुसतं "यूएचडी ग्राफिक्स" दाखवतं आणि स्पीडही कमी मिळतो.

सॉलिडवर्क्स, ब्लेंडरसारखी थ्रीडी सॉफ्टवेअर, व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम, असं काही असेल तर मात्र वेगळं कार्ड लागतंच. इथे लोक फक्त कार्डाचा नंबर बघतात आणि फसतात. लॅपटॉपच्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०५० कार्डाला ६ जीबी मेमरी असते, ४०६० ला ८ जीबी, आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते त्यामुळे नंतर वाढवून मिळत नाही, आत्ताच नीट ठरवा. दुसरं म्हणजे वॅट, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते ते. तेच ४०६० एका मॉडेलमध्ये ३५ वॅटचं असू शकतं आणि दुसऱ्यात ११५ वॅटचं, नाव सेम पण कामात जमीन-अस्मानाचा फरक! पातळ, दिसायला भारी मॉडेलमध्ये वॅट बहुतेक कमीच असतात कारण गरम हवा बाहेर पडायला जागाच नसते. स्टिकरवर हे लिहिलेलं नसतं, कंपनीच्या साइटवर टीजीपी (म्हणजे हेच वॅट) शोधा नाहीतर आम्हाला विचारा, आम्ही काढून देतो. डेस्कटॉप कार्डाचे रिव्ह्यू बघून लॅपटॉप ठरवू नका, डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी असते, लॅपटॉपच्या ४०७० ला ८.

दुकान कुठलंही असो, पैसे द्यायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सवर) क्लिक करा, कार्डाचं नाव आणि डेडिकेटेड मेमरी तिथेच दिसते.

अजून एक, चार्जर काढला की ही कार्डं बरीच स्लो होतात आणि बॅटरीही पटकन उतरते. रोज हिंजवडीपर्यंत बाइकवर न्यायचा असेल तर चार्जरसकट वजन हातात घेऊन बघा, मगच ठरवा.

येताना कॉलेजला कुठली सॉफ्टवेअर लागणार ते सिनिअर्सना विचारून लिहून आणा, बजेट त्याच्यानंतर बोलू.