पीक सोळा आणे, हातात दमडी नाही : 1930 ची मंदी आणि मुंबई इलाखा

दुष्काळात काय करायचं, हे इंग्रज सरकारला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरतं कळलं होतं. पीक बुडालं की आणेवारी काढायची, म्हणजे पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदा किती आणे आलं ते ठरवायचं, सारा (जमिनीवरचा सरकारी कर) तहकूब करायचा, फारच झालं तर खडी फोडण्याची कामं सुरू करायची. 1929 नंतर जगभर मंदी पसरली आणि शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत साधारण निम्म्यावर आले, तेव्हा ही सगळी व्यवस्था कुचकामी ठरली. कारण आणेवारी मोजते पीक, भाव नाही. शेतात ज्वारी, कापूस, भुईमूग सगळं उभं होतं. सरकारी कागदावर म्हणूनच संकट दिसत नव्हतं.

सारा मात्र रोख रकमेत ठरलेला, तोही तीस-तीस वर्षांसाठी. सावकाराचं व्याजही रुपयांतच. काल जेवढा कापूस विकून सारा भागायचा, त्याच्या दुप्पट आता बाजारात न्यावा लागे. त्यात सावकारानेही हात आखडला, कारण जुनीच वसुली थकली होती. 1875 च्या दंग्यांनंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा होता खरा. पण तो कर्जाचे हप्ते पाडून देई, पिकाला गिऱ्हाईक कुठून देणार?

मग घरातलं सोनं बाहेर निघालं. 21 सप्टेंबर 1931 रोजी ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरल्या दराने सोनं देण्याची पद्धत, सोडला. पौंड घसरला, आणि एक शिलिंग सहा पेन्सच्या दराने त्याला बांधलेला रुपयाही. तोळ्याला एकवीस-बावीस रुपयांच्या आसपास असलेलं सोनं झपाट्याने चढलं. पुतळ्या, पाटल्या, बोरमाळा मोडून लोकांनी सारा भरला, देणी फेडली. गावचा सोनार, तालुक्याचा पेढीवाला, मग मुंबईचा बाजार, तिथून बोट. काही वर्षांत शेकडो कोटींचं सोनं असं देशाबाहेर गेलं. निर्यात थांबवा, अशी मागणी इथले व्यापारी आणि काँग्रेसवाले करत राहिले. सरकारने ती मानली नाही. इंग्लंडला दरसाल पाठवायचा पैसा या सोन्यामुळे अलगद सुटत होता, मग अडवायचं कशाला?

उलट त्याच सप्टेंबरात तातडीचं अंदाजपत्रक आलं. बहुतेक करांवर पंचवीस टक्के अधिभार, आणि त्यात मीठही! मणामागे सव्वा रुपयाचा कर एक रुपया नऊ आण्यांवर गेला. मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अर्ध्या आण्याचं पोस्टकार्ड पाऊण आण्याला झालं. सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात झाली, तिची चर्चा शहरांत फार झाली. पण ज्याचा पगार चालू होता त्याला स्वस्ताई मानवलीही असेल.

मुंबईच्या गिरणगावात, कापडगिरण्यांच्या वस्तीत, तसं नव्हतं. मजुरी कापली गेली, कामगार कमी झाले आणि एप्रिल 1934 मध्ये मोठा संप झाला. सरकारने त्याच वर्षी तंटे मिटवण्याचा कायदा करून एक लेबर ऑफिसर नेमला.

एक उपाय मात्र लागू पडला. 1932 च्या साखर संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर भारी जकात बसली. गुळाचे भाव कोसळल्याने मेटाकुटीला आलेल्या सासवडकडच्या माळी बागायतदारांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. 1933 मध्ये नाशिक जिल्ह्यात उद्योगपती वालचंद हिराचंदांचा रावळगाव साखर कारखाना उभा राहिला. फायदा झाला तो कालव्याच्या पाण्यावरच्यांचा. जिरायत शेतकऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही.

त्याच्या कर्जाकडे सरकार वळलं ते 1937 मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर. 1938 मध्ये लहान खातेदारांच्या जमिनींचे लिलाव तात्पुरते थांबवणारा कायदा झाला आणि 1939 मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा. कर्ज किती फेडता येईल हे जमिनीच्या ऐपतीवरून ठरवून बाकीचं कमी करायचं, अशी त्याची रीत. पण हे ठरवणाऱ्या कर्जनिवारण मंडळांचं काम मार्गी लागण्याआधीच, नोव्हेंबर 1939 मध्ये, युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तोवर महायुद्धामुळे शेतमालाचे भाव आपोआपच चढू लागले होते.