बर्फात बर्फ शोधायचा कसा?

२८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी हिमस्खलन झालं. रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार त्यात सापडले, ८ जण गेले. लगेच आमच्या ग्रुपवर प्रश्न आला: उपग्रहाला म्हणे जमिनीवरची काडेपेटी दिसते, मग हे आधी का दिसलं नाही? काडेपेटी ही थाप. आणि उपग्रह शोधतात तो स्खलन होऊन गेल्यावर साचलेला ढिगारा. तोसुद्धा सोपा नाही. पांढऱ्यावर पांढरं, वर ढग!

म्हणून रडार. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारलहरी साधारण साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या. ढग नि अंधार त्यांना अडवत नाहीत. कोरडा बर्फ तर त्यांना जवळजवळ काचेसारखा. त्या आरपार जाऊन खालच्या जमिनीवरून परततात. बर्फ ओला असला की त्यातलं पाणी लहरी गिळतं, चित्र काळवंडतं.

आता माझा आवडता भाग. पावसात रात्री गाडी चालवताना ओला डांबरी रस्ता काळाकुट्ट दिसतो, कारण गुळगुळीत पाणी हेडलाइटचा उजेड आरशासारखा पुढे ढकलतं. कडेची खडी मात्र चमकते, कारण ती उजेड सगळीकडे उधळते आणि थोडा आपल्याकडेही येतो. रडार तिरकं बघतं, त्यामुळे त्याचंही तेच. घसरून आलेला बर्फ ढेकळाढेकळांनी थांबतो आणि ही ढेकळं लहरी परत फेकतात. मग एकाच कक्षेतून १२ दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं घ्यायची. जुनं लाल आणि निळ्यात, नवं हिरव्यात घालून एकत्र करायचं. जिथे परतावा वाढला, तिथे हिरवी जीभ उमटते. उभ्या कड्यांमागे रडारची सावली पडते, तिथे काहीच कळत नाही.

जानेवारी २०१८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये १९९९नंतर प्रथमच हिमस्खलनाचा सर्वोच्च, पाचव्या पातळीचा इशारा निघाला. तेव्हा आभाळ उघडल्यावर स्पॉट-६ या उपग्रहाने दीड मीटर बारकाव्याची साधी छायाचित्रं घेतली आणि तज्ज्ञांनी त्यांवर हाताने रेघा मारून सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरमध्ये १८,७३७ स्खलनं नोंदली. (हा स्पॉट-६ २०१२ साली आपल्या पीएसएलव्हीनेच श्रीहरिकोट्याहून वर नेला होता.) सेंटिनेलला इतकं बारीक दिसत नाही. एखाद्या माणसाला गाडायला पुरेसं असलेलं लहानसं स्खलन त्याच्या चित्रात दोन-चार ठिपक्यांत मावतं आणि बहुधा निसटून जातं.