आयसोफ्लेव्होन आणि हाडांची झीज

आयसोफ्लेव्होन हा सोयाबीन, तांबडा क्लोव्हर अशा शेंगावर्गीय वनस्पतींत आढळणारा संयुगांचा गट आहे. जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यांतली प्रमुख. त्यांच्या रेणूची घडण इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्याने रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्यावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, त्यांचा उपयोग होईल का याचा बराच अभ्यास झाला आहे.

हाडाची मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे रचतात. पहिल्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. पाळी गेल्यावर तो आवर सुटतो आणि भरपाईपेक्षा झीज जास्त होऊ लागते. पुढे मणके, खुबा, मनगट किरकोळ पडण्यानेही मोडतात.

वनस्पतींतली ही संयुगे संप्रेरकासारखी वागतात याची जाणीव आधी मेंढपाळांना झाली. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, आणि शोध घेता घेता दोष चाऱ्यातल्या आयसोफ्लेव्होनांवर आला. इस्ट्रोजेन पेशीतल्या ज्या रेणूला चिकटून काम करते त्याला ग्राही म्हणतात; त्याचा बीटा हा दुसरा प्रकार १९९६ मध्ये कळला. आयसोफ्लेव्होने त्यालाच अधिक चिकटतात, तर स्तन व गर्भाशयाच्या पेशींची वाढ मुख्यतः पहिल्या, अल्फा ग्राहीमार्फत होते, म्हणून या अवयवांना धक्का न लावता ती हाडे राखतील असे वाटू लागले.

माणसांवरच्या चाचण्यांनी मात्र एकमुखी उत्तर दिलेले नाही. इटलीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रजोनिवृत्त स्त्रियांना दोन वर्षे रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दिले. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची व खुब्याची घनता वाढली. नुसते कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रियांची घटली. अमेरिकेतल्या मायामीत रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेव्होने देऊनही हाडांच्या घनतेत फरक पडला नाही, उलट अंगातून गरम वाफा येण्याची तक्रार वाढली. हे निष्कर्ष २०११ चे. मात्रा कमी पडली असे इथे म्हणता येत नाही. निष्कर्षांतल्या या फरकाचे एक संभाव्य कारण आतड्यात आहे. डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. आशियाई आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत ते सापडतात, पाश्चात्त्यांत त्याहून कमी.

आयसोफ्लेव्होनांच्याच साच्यावर बनवलेले इप्रिफ्लेव्होन हे कृत्रिम संयुग २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले आणि काही स्त्रियांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटल्या. वनस्पतीपासून प्रेरणा घेतलेले म्हणून निर्धोक, हा समज तिथेच मोडायला हवा होता.

इतर नैसर्गिक द्रव्यांपैकी के२ जीवनसत्त्वाला जपानमध्ये औषधाचा दर्जा आहे. तिथल्या नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये ते मुबलक असते. आपल्याकडच्या कांडवेलीचा, म्हणजे हाडजोडीचा, पुरावा बराचसा उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे.

महाराष्ट्र हे सोयाबीनचे मोठे उत्पादक राज्य. लातूर किंवा विदर्भातला माल मुख्यतः तेलासाठी गाळला जातो, आणि रिफाइंड तेलात आयसोफ्लेव्होने जवळजवळ उरत नाहीत. ती राहतात पेंडीत, जी बहुतेक कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. तेल काढलेल्या पिठाच्या सोया वड्यांत ती मिळतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे गोळीचे शोषण घटते. ऑस्टिओपोरोसिसचे निदान झालेल्यांसाठी हाडांची झीज रोखणाऱ्या बिसफॉस्फोनेटसारख्या औषधांची जागा आयसोफ्लेव्होने घेऊ शकत नाहीत.