गुंतवळाच्या टोकाला टोपण

ऑगस्टे डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा तिला स्वतःचं नावही धड लिहिता येत नव्हतं. १९०६ मध्ये ती वारल्यावर आलोईस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या आत केसांच्या गुंतवळासारखे धागे होते, बाहेर साचलेली पुटं. आतला गुंतवळ टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं.

टाऊ मुळात पेशीच्या कामाचं प्रथिन. आतल्या वाहतुकीच्या सूक्ष्मनलिकांना ते आधार देतं. त्याच्या सर्वांत लांब रूपात ४४१ अमिनो आम्लं असतात, पण खोड अंगात आहे ती मुख्यतः छोट्या तुकड्यांच्या. त्यातला एक तर जेमतेम सहा आम्लांचा. असा तुकडा आपल्यासारख्याच दुसऱ्या तुकड्यावर सपाट बसतो, त्यावर तिसरा, आणि चळत चढत जाते. दोन थरांत अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी अंतर. अशा दोन चळती समोरासमोर आल्या की बॅगेच्या चेनचे दात अडकावेत तशा घट्ट बसतात, मधे पाण्याचा रेणूही उरत नाही. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटाने २००५ पासून स्फटिकांच्या अभ्यासातून ही ठेवण उलगडली.

धागा वाढतो टोकाला. तुटलेला तुकडाही विरजणासारखा चांगल्या टाऊला आपल्या रूपात ओढतो. म्हणजे टोक बंद केलं की वाढ थांबायला हवी!

२०११ साली आयझेनबर्ग आणि प्रथिनरचनाकार डेव्हिड बेकर यांच्या गटांनी नेमकं हेच केलं. संगणकावर त्यांनी सहा अमिनो आम्लांचं एक टोपण आखलं. ते टोकाला चिकटतं, पण पुढच्या थराला जागा देत नाही. त्यातली आम्लं नेहमीच्या आम्लांची आरशातली रूपं होती, डाव्या हाताला उजवा असावा तशी. शरीरातली प्रथिनं तोडणारी विकरं अशा उलट्या साखळीला सहजी तोडू शकत नाहीत. परीक्षानळीत टाऊचे धागे बनणं मंदावलं. त्या सहातलं एकच आम्ल, ल्युसिन, बदललं आणि परिणाम नाहीसा झाला. मला या प्रयोगातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण टोपण योगायोगाने नव्हे, आखल्याप्रमाणे बसत होतं याची खूण त्यात आहे.

२०२२ मध्ये आयझेनबर्ग यांच्या गटाने याहून मोठी, पूर्णपणे नव्याने रचलेली छोटी प्रथिनं वापरून पेशींमधलं हे विरजण लागणंही कमी करून दाखवलं. बेकर यांना प्रथिनरचनेसाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरातलं माणूस आपल्याला ओळखेनासं झालेल्यांनी मात्र यात आजचं औषध शोधू नये. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा अशा प्रथिनांना सहसा आत सोडत नाही. शिवाय टाऊच्या धाग्याची घडी, म्हणजे साखळी दुमडून घेते तो आकार, वेगवेगळ्या आजारांत वेगळी असू शकते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अल्झायमरची घडी प्रत्यक्ष रुग्णाच्या मेंदूतल्या धाग्यांत पाहिली, आणि पुढच्याच वर्षी पिकच्या आजारातली, म्हणजे टाऊच्याच गुंतवळाच्या दुसऱ्या एका मेंदूविकारातली, निराळी निघाली. एकाचं टोपण दुसऱ्याला बसेलच असं नाही.

कंपवातातला अडथळा आणखी वेगळा. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की त्या आजारात साचणारं अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन धागे होण्याआधी द्रव थेंबांच्या रूपात एकवटू शकतं. थेंबाला टोपण बसवायला टोकच नसतं. तिथे अडवायचं तर प्रथिनाचा आराखडा पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.