फादर कॉग्लिन : रेडिओवरच्या द्वेषाची पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्या पाद्र्याने ज्यूंविरुद्ध गरळ ओकली, मूठभर सावकार जग चालवतात असं व्यासपीठावरून सांगितलं, की जुन्या जाणत्यांच्या तोंडी फादर चार्ल्स कॉग्लिनचं नाव येतंच. १९३०च्या दशकात दर रविवारी दुपारी त्याचं भाषण रेडिओवर लागायचं. भरात असताना त्याचे श्रोते तीन कोटींपर्यंत होते, असा अंदाज सांगितला जातो. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबारा कोटींच्या घरात होती.

सुरुवात मात्र अगदी साधी. कॉग्लिन मूळचा कॅनडातल्या हॅमिल्टनचा, जन्म १८९१चा. १९१६मध्ये गुरुदीक्षा घेतल्यावर काही वर्षं त्याने शिकवण्यात घालवली. मग डेट्रॉइटचे बिशप मायकल गॅलघर यांनी १९२६मध्ये त्याला शहराबाहेरच्या रॉयल ओक गावी संत तेरेजाच्या नावाने चर्च उभारायला धाडलं. कॅथलिक कुटुंबं थोडी, डोक्यावर कर्ज, आणि भागात कू क्लक्स क्लॅन या काळे, ज्यू आणि कॅथलिक यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा जोर. चर्चच्या आवारात क्लॅनने क्रूस जाळला, असं तो सांगे. ते तसंच घडलं का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण ही कहाणी त्याला पुढे खूप उपयोगी पडली. १७ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटच्या डब्ल्यूजेआर केंद्रावरून त्याचं पहिलं प्रक्षेपण झालं. सुरुवातीचे कार्यक्रम मुलांच्या धर्मशिक्षणाचे होते.

मग मंदी आली. १९२९मध्ये अमेरिकेत ५३ लाखांच्या आसपास मोटारी बनल्या, १९३२मध्ये जेमतेम १३ लाख. ज्या डेट्रॉइटचं पोट मोटारींवर चालायचं, तिथे याचा अर्थ काय हे वेगळं सांगायला नको. कॉग्लिन बँकांवर, सट्टेबाजांवर तुटून पडू लागला. कामगाराला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१मध्येच लिहून ठेवलं होतं आणि १९३१मध्ये पोप पायस अकरावे यांनी ते पुन्हा मांडलं होतं. त्यामुळे त्याच्या बोलण्याला चर्चच्या शिकवणुकीचा आधार होता. लोकांचा राग खरा होता, त्याची कारणंही खरी होती. हे मान्य केल्याशिवाय कॉग्लिन समजत नाही.

सीबीएस या रेडिओ कंपनीने १९३१मध्ये त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याने केंद्राकेंद्रावर वेळ विकत घेऊन स्वतःची साखळी उभी केली. पैसा टपालाने यायचा, पाकिटांत घातलेल्या एकेक डॉलरच्या नोटांनी. ती पाकिटं फोडायला कारकुनांची फौज बसवलेली असे. त्याच पैशातून रॉयल ओकला दगडी मनोरा उभा राहिला. त्यावर क्रुसावरच्या ख्रिस्ताची भव्य प्रतिमा कोरलेली होती. याच मनोऱ्यातल्या खोलीतून तो बोलायचा.

१९३२मध्ये त्याने अध्यक्षपदाचे उमेदवार रूझवेल्ट यांची तळी उचलली. ‘रूझवेल्ट नाहीतर विनाश’ ही घोषणा त्याचीच. आपल्या सल्ल्याने सरकार चालत नाही म्हटल्यावर मात्र तो फिरला. चलनात चांदी आणा, असा त्याचा धोशा होता. १९३४मध्ये अर्थखात्याने चांदीचा साठा करणाऱ्यांची यादी जाहीर केली, तर त्यात त्याच्या संस्थेच्या वतीने त्याच्याच सेक्रेटरीच्या नावावर पाच लाख औंस चांदी निघाली! श्रोत्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने रूझवेल्ट यांच्याविरुद्ध विल्यम लेम्के यांना उभं केलं आणि ९० लाख मतं न मिळाल्यास रेडिओ सोडीन, असा शब्द दिला. मतं नऊ लाखांच्या आतच राहिली. काही आठवड्यांतच महाशय पुन्हा माइकसमोर हजर.

यानंतर सगळा रोख ज्यूंवर वळला. त्यासाठी लागणारा मसाला डेट्रॉइटच्या शेजारीच तयार होता. ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घेण्याचा कट रचला, असं सांगणारे बनावट ‘प्रोटोकॉल्स’ हेन्री फोर्ड यांच्या डिअरबॉर्नच्या साप्ताहिकाने १९२०पासून घरोघरी पोहोचवले होते. ते दुसऱ्याच एका जुन्या पुस्तकातून चोरले होते, हे लंडनच्या टाइम्सने १९२१मध्येच उघड केलं, फोर्ड यांनी १९२७मध्ये माफी मागितली. तरीही १९३८मध्ये कॉग्लिनच्या ‘सोशल जस्टिस’ साप्ताहिकाने ते पुन्हा छापले. त्याचा युक्तिवाद असा, की दस्तऐवज अस्सल आहे का हा प्रश्नच नाही, त्यातलं जगात घडतंय की नाही ते बघा. अफवेला यापेक्षा भक्कम चिलखत मिळणं कठीण.

नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली आणि जाळली गेली. २० तारखेच्या भाषणात कॉग्लिनने नाझीवाद ही कम्युनिझमविरुद्धची बचावाची भिंत असल्याचं सांगितलं आणि रशियन क्रांतीचं खापर ज्यूंवर फोडलं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए केंद्राने पुढचं भाषण लावायला नकार दिला, तर त्याचे समर्थक केंद्रासमोर निदर्शनं करू लागले. डिसेंबरमध्ये त्याच्या नावाने छापलेल्या लेखात गोबेल्सच्या १९३५च्या भाषणातले उतारेच्या उतारे सापडले. त्याच्या प्रेरणेने निघालेल्या ‘ख्रिश्चन फ्रंट’ची टोळकी न्यूयॉर्कमध्ये ज्यूंना मारहाण करत होती. १९४०मध्ये एफबीआयने काहींना सरकार उलथण्याच्या कटाच्या आरोपाखाली पकडलं, पण एकालाही शिक्षा झाली नाही.

मग त्याला आवरलं कुणी? लोकांनी नव्हे, हे कबूल करायला हवं. चर्चच्या शिस्तीत धर्मगुरूला थेट आवरणारा त्याचा बिशप. आणि गॅलघर त्याच्या पाठीशी उभे होते. रोमची नाराजी पोहोचूनही ते हलले नाहीत. जानेवारी १९३७मध्ये ते वारले आणि एडवर्ड मूनी आर्चबिशप म्हणून आले. त्यांनाही पाच वर्षं त्याला पुरतं गप्प बसवता आलं नाही. वादग्रस्त वक्त्यांना वेळ विकण्यावर केंद्रचालकांच्या संघटनेने १९३९मध्ये बंधनं आणली, त्यामुळे १९४०मध्ये रेडिओ सुटला. अमेरिका युद्धात उतरल्यावर, १९४२मध्ये सरकारने ‘सोशल जस्टिस’ची टपाल सवलत थांबवली, आणि मग मूनी यांनी थेट बजावलं : गप्प बस, नाहीतर पाद्रीपद जाईल. त्याने मुकाट्याने ऐकलं आणि १९६६पर्यंत रॉयल ओकलाच मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करत राहिला. १९७९मध्ये तो वारला.

१९३६च्या प्रचारात त्याच्यासोबत असलेला प्रोटेस्टंट पाद्री जेराल्ड स्मिथ याच्यावर मात्र बिशप नव्हता. १९४२मध्ये त्याने स्वतःचं ज्यूद्वेषी मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं. कॉग्लिन निवृत्त झाला त्याच वर्षी स्मिथने आर्कान्सामधल्या युरेका स्प्रिंग्जच्या डोंगरावर ६५ फुटी ख्रिस्तमूर्ती उभी केली. पर्यटक आजही तिथे जातात.