गल्ल्यातला रुपया संग्रहात कधी जातो?

जुनं नाणं म्हणजे महाग नाणं, हा हिशेब 1950 नंतरच्या चलनाला फारसा लागू पडत नाही. कोट्यवधींनी पाडलेल्या नाण्याची किंमत ठरते ती धातू, टांकसाळ आणि झीज यांवर. पहिल्या दोन्हींच्या मुळाशी धातूचा भाव आणि चिल्लरची टंचाई आहे. एकट्या रुपयाच्या नाण्यावरही ते वाचता येतं.

15 ऑगस्ट 1950 ला नाण्यावरचा राजा गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. तो रुपया निकेलचा, 11.66 ग्रॅमचा, म्हणजे नेमका तोळाभर. चांदीच्या रुपयाचं वजनच पुढे चालू राहिलं होतं. 1 एप्रिल 1957 ला आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, तरी लोक आजही 25 पैशांना चाराणेच म्हणतात. त्यानंतर रुपया सतत हलका होत गेला. 1962 पासून 10 ग्रॅम, 1975 ला तांबं-निकेलचा 8 ग्रॅम, 1983 ला 6 ग्रॅम, 1992 ला स्टेनलेस स्टीलचा 4.85 ग्रॅम, 2011 च्या रुपयाचिन्हाच्या मालिकेत 3.79, आणि 2019 नंतरच्या मालिकेत 3.09 ग्रॅम.

दर उतरणीमागे कारण एकच. धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली की नाणी भट्टीत जायला लागतात. 1992 पासूनचं तांबं-निकेलचं 9 ग्रॅमचं पाच रुपयांचं नाणं बांगलादेशात नेऊन त्याची दाढीची पाती करतात, अशा बातम्या येत होत्या. 2007 ला तेही 6 ग्रॅम स्टीलचं झालं. नाणी वितळवणं हा 2011 च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे, पण ज्या मालिकेचा धातू महाग असतो तीच व्यवहारातून आधी नाहीशी होते. म्हणून कोरी राहिलेली तशी नाणी शोधली जातात.

घरच्या डब्यातला ढीग वेगळा करायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं. 1974 पर्यंतचा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, 1975 ते 1991 चा तांबं-निकेलचा चिकटत नाही, 1992 पासूनचा स्टीलचा पुन्हा चिकटतो. चिकटायला हवं ते चिकटलं नाही, तर आधी वजन करावं. घरगुती नव्हे, 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर.

आता टांकसाळीची खूण. ती वर्षाच्या आकड्यांखाली असते आणि 10 पट भिंगाखाली नीट दिसते. मुंबईची हिऱ्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब, आणि कोलकात्याची खूणच नाही. नोएडाची टांकसाळ सुरू झाली 1988 ला. त्याआधी 1985 च्या सुमारास आणि पुन्हा नव्वदच्या दशकाच्या शेवटी देशातल्या टांकसाळी कमी पडल्या, तेव्हा नाणी बाहेरून पाडून आणली. 1985 च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं 'एच', 1988 च्या काही चाराण्यांवर ओटावाचं 'सी', पुढे प्रिटोरिया, मॉस्को, मेक्सिको, स्लोव्हाकियातलं क्रेम्निका यांच्या खुणा. एकाच वर्षाचं तेच नाणं खुणेमुळे वेगळं धरलं जातं, आणि भावातला फरक इथून सुरू होतो.

लबाडीही इथेच होते. चौकट किंवा चांदणी खरवडून 'कोलकात्याचं' नाणं तयार करतात. भिंगाखाली तेवढ्याच जागेचा पृष्ठभाग खडबडीत किंवा जास्त चकचकीत दिसला, तर ते नाणं नकोच. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं बहुतेक वेळा दोन नाणी लेथवर कातून जोडलेलं असतं: काठाच्या आतल्या बाजूला सांध्याची बारीक रेघ असते आणि टिचकी मारली की आवाज बद्द येतो.

खऱ्या नाण्याचं वाटोळं मात्र बहुधा मालकच करतो. चिंच, मीठ, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावलं की टांकसाळीतला मूळ झळाळ जातो, बारीक चरे उरतात आणि कोऱ्या नाण्याचं वापरलेलं नाणं होतं. घासण्याने भाव फक्त खालीच जातो. मऊ पीव्हीसीची पाकिटंही टाळावीत. उष्ण, दमट हवेत त्यांतून तांबं-निकेलवर हिरवट चिकट थर चढतो. तो अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, चोळून नव्हे. पण खालचा धातू खाल्ला गेला असेल, तर तो परत येत नाही. नाणं काठाला धरावं, पुठ्ठ्याच्या किंवा मायलारच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) चौकटीत ठेवावं.

30 जून 2011 ला 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आता बँकेत त्यांना काही मिळत नाही, आणि ती इतकी शिल्लक आहेत की झिजलेल्या नाण्याला संग्राहकही फारसं देत नाही. वैष्णोदेवीच्या 2012 च्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात ही अफवा त्यानंतरची. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडेच आधी 'नोंदणी फी' मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो.